अंतर कळल्याशिवाय आकाशातल्या दिव्याचं काहीच कळत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. डिसेंबरात संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास लाईट आली म्हणून तुम्ही मोटार चालू करायला शेतात गेलात. वायव्येकडून पंधरा-वीस दिवे एका रांगेत, जराही आवाज न करता वर चढले, डोक्यावरून पुढे गेले आणि आग्नेयेकडे झुकल्यावर एकेक करून विझले. घरी सांगितलं तर कुणी हसलं, कुणी घाबरलं. मुलगा म्हणाला की अमेरिकेच्या संसदेत परग्रहवासी आल्याचं मान्य केलंय, सरकारं लपवताहेत, आणि वेरूळचं कैलास लेणंसुद्धा त्यांनीच कोरलंय. तुम्ही विचारता, यातलं खरं किती?

मी बरीच वर्षं आकाशनिरीक्षणाचे कार्यक्रम घेतो. 'काहीतरी दिसलं' असे फोन मला नेहमी येतात आणि मी ते मनापासून ऐकतो. तुम्ही पाहिलेली रांग इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची होती, असं मला तुमच्या वर्णनावरून ठामपणे वाटतं. मे २०१९ पासून हे उपग्रह एका रॉकेटमधून घोळक्याने सोडले जातात. पहिले काही दिवस ते तीनेकशे किलोमीटर उंचीवर एकामागोमाग एक चालतात, मग हळूहळू वर चढून पांगतात. त्यांच्यावर दिवे नसतात. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं आणि ते उपग्रहांवरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत पोचतं. पूर्वेकडे सरकता सरकता ते पृथ्वीच्या सावलीत शिरले की दिसेनासे होतात, आणि रांगेत असल्यामुळे एकापाठोपाठ एक होतात. संध्याकाळची वेळ, वायव्य ते आग्नेय ही दिशा, आवाज नसणं आणि एकेक करून विझणं, तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी तंतोतंत जुळतात.

तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत आणि सांगितलंतही बरोबर. हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. साक्षीदार खोटं बोलतो असा अनुभव मला क्वचितच येतो. अडचण वेगळीच असते. अंधाऱ्या आकाशातला एकटा दिवा किती लांब आहे, हे माणसाच्या डोळ्याला कळूच शकत नाही. दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज जवळच्याच वस्तूंना लागू पडतो. त्यापुढे आपण झाडाची उंची, माणसाचा आकार, धुरकटपणा, कोण कुणाच्या आड जातं अशा खुणांवर चालतो. रात्रीच्या आभाळात यातलं काहीच नसतं. मग मेंदू आपल्या मनानेच एक अंतर धरून चालतो, बहुतेक वेळा फार जवळचं, आणि त्यावरून आकार, उंची, वेग सगळं ठरवून टाकतो. 'घराएवढं होतं', 'विमानाच्या दहापट वेगात गेलं', 'टेकडीमागे उतरलं' ही तिन्ही वाक्यं त्या एका गृहीत अंतरावर उभी असतात. अंतर चुकलं की तिन्ही कोसळतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पाडवा म्हणजे चंद्राचा अडथळा नाही. पावणेआठच्या आसपास विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या असंख्य लोकांनी पेटत्या गोळ्यांची माळ आभाळातून सरकताना पाहिली. मोबाईलवर चित्रीकरणं झाली. उल्का, क्षेपणास्त्र, कोसळणारं विमान, उडती तबकडी, सगळे तर्क रात्रीतून लढवून झाले. आणि जो तो सांगत होता, आमच्या गावाच्या पलीकडे पडलं. एका जिल्ह्यातला माणूस आपल्या तालुक्यातल्या टेकडीचं नाव घेत होता, दुसऱ्या जिल्ह्यातला आपल्या धरणाचं.

आता हिशोब पाहा. बाहेरून परत येणारं अवकाशयान किंवा रॉकेटचा तुकडा साधारण ऐंशी किलोमीटर उंचीवर जोरात पेटून तुटायला लागतो. एवढ्या उंचीवरची वस्तू जमिनीवरच्या हजार किलोमीटर दूरच्या माणसालाही क्षितिजावर दिसू शकते. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरली तर तिची उंची सुमारे दहा अंश भरते. तेवढ्या उंचीवर दिसणारा हा जाळ तुमच्यापासून चारशे किलोमीटर लांब असतो. म्हणजे 'टेकडीमागे' हा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी अगदी स्वाभाविक असला तरी ती वस्तू टेकडीच्या पलीकडे दोन-तीन जिल्हे ओलांडून चाललेली असू शकते.

त्या संध्याकाळी एक गोष्ट खरोखर खाली पोचली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं दोन-तीन मीटर व्यासाचं कडं मोकळ्या जागेत येऊन पडलं. परिसरात गोळ्यासारखी टाकीही सापडली. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, पुढे इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. उपग्रहांच्या कक्षांचा माग ठेवणाऱ्यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या रॉकेटचा हा भाग वर्षभर फिरत फिरत खाली आला होता. चित्रीकरण पाहूनही त्याच रात्री उल्का वगळता येत होती. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते आणि काही क्षणांत संपते. कक्षेतून घसरलेला तुकडा सेकंदाला आठएक किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो आरामात आभाळ ओलांडतो आणि वाटेत त्याचे तुकडे एकमेकांसोबत चालत राहतात. पाडव्याला नेमकं हेच दिसलं होतं.

अंतराचा हा घोळ प्रशिक्षित माणसालाही सुटत नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागात आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आत आली, असं त्यांना वाटलं. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत हा संशय त्या जागी अगदी रास्त होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारणा झाली. त्यांनी आधी एवढंच तपासायला लावलं की वस्तू ताऱ्यांच्या तुलनेत हलते का. निघाले गुरू आणि शुक्र. विरळ, स्वच्छ हवेत हे ग्रह किती झगमगतात ते मैदानात राहणाऱ्याला कळायचं नाही. पृथ्वी फिरते तसा ग्रह डोंगरकडेवरून सरकतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, सीमा ओलांडली. त्या जवानांना दोष देण्यासारखं यात काही नाही. उणे तापमानात रात्र रात्र जागून त्यांनी वेळेसकट नोंदी ठेवल्या, म्हणूनच तर उलगडा झाला.

या विषयाची सुरुवात ज्या घटनेने झाली ती याच चष्म्यातून पाहा. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाचा वैमानिक अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रेनियर पर्वताजवळ उडत होता. नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना त्याला दिसल्या. गडी हुशार. रेनियर ते ॲडम्स हे दोन पर्वत पार करायला त्यांना किती वेळ लागतो हे त्याने घड्याळावर मोजलं: १ मिनिट ४२ सेकंद. त्यावरून वेग आला ताशी सुमारे २,७०० किलोमीटर. ज्या वर्षी हे झालं त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत कुठल्याही विमानाने सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही ओलांडला नव्हता. मग खळबळ माजणारच. घड्याळ खरं होतं, पर्वत खरे होते. पण त्या वस्तू पर्वतांच्या रांगेजवळून जाताहेत, हे मात्र त्याने डोळ्याने ठरवलेलं होतं. त्या जवळ असतील तर वेग त्याच प्रमाणात खाली येतो. काय होतं ते आजही पक्कं ठरलेलं नाही, आणि आता ठरायचंही नाही, कारण अंतराची दुसरी कुठलीच नोंद नाही.

तुमच्या मुलाने दाखवलेल्या क्लिपांमध्ये 'गो फास्ट' नावाची एक असणारच. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या लढाऊ विमानाच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ती टिपली. समुद्राच्या पाण्याला चिकटून एक पांढरा ठिपका सुसाट पळतोय आणि वैमानिक चकित होऊन ओरडताहेत. पहिल्यांदा पाहताना मलाही तो पाण्यालगतच वाटला होता. पण या चित्रीकरणात एक कामाची चीज आहे: पडद्यावर आकडे दिसतात. विमानाची उंची २५,००० फूट, कॅमेरा खाली किती अंशात झुकलाय तो कोन, आणि वस्तूचं अंतर. शाळेतली त्रिकोणमिती लावायची. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये ती लावून दाखवली. वस्तू पाण्यालगत नसून सुमारे १३,००० फुटांवर, म्हणजे जवळपास चार किलोमीटर उंचीवर निघाली. तिचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास आला, त्या उंचीवरच्या वाऱ्याएवढा. मग ती पळताना का दिसते? विमान वेगात जातंय, कॅमेरा ठिपक्यावर खिळलाय, म्हणून मागचा समुद्र सरकतो आणि आपल्याला ठिपका सरकल्याचा भास होतो. एसटीच्या खिडकीतून जवळचं झाड मागच्या डोंगरावरून पळताना दिसतं, तसंच हे.

हे गणित कुणीही कागद-पेन्सिल घेऊन करू शकतं. मुलगा नववी-दहावीच्या पुढे असेल तर त्याच्याकडून करूनच घ्या. त्यातून त्याला जे मिळेल ते शंभर क्लिपा पाहून मिळणार नाही.

१३ मार्च १९९७ ला ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरावर हजारो लोकांनी दिवे पाहिले, त्याची मात्र गुंतागुंत जास्त आहे, कारण त्या रात्री दोन वेगळ्या घटना घडल्या आणि नंतर लोकांच्या आठवणीत एक झाल्या. आठ-साडेआठच्या सुमारास पाच-सहा दिवे बाणाच्या टोकासारख्या आकारात संथपणे गेले. एका हौशी निरीक्षकाने ते दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याला वेगवेगळी विमानं दिसली. दुर्बीण नसलेल्यांना त्या दिव्यांच्या मधला अंधार म्हणजे एका अवाढव्य काळ्या यानाचं अंग वाटलं. दिवे एकत्र हलताना दिसले की मेंदू त्यांना एका वस्तूत बांधतो. दहाच्या सुमारास दिसलेली दुसरी रांग हवाई दलाच्या सरावातल्या पॅराशूटला लटकवलेल्या फ्लेअर्सची, म्हणजे प्रखर उजेड देणाऱ्या नळकांड्यांची होती. त्या एकेक करून विझल्या असं वाटलं, पण दिवसा त्याच जागेवरून चित्र घेऊन रात्रीच्या चित्रीकरणावर ठेवलं तर कळतं की त्या डोंगराच्या धारेमागे एकेक करून उतरल्या. तिथल्या तेव्हाच्या गव्हर्नरने पत्रकार परिषदेत सहकाऱ्याला परग्रहवासीयाचा पोशाख घालून आणलं आणि लोकांची टर उडवली. दहा वर्षांनी तोच म्हणाला की मीही ते पाहिलं होतं. अशा थट्टेचं नुकसान फार मोठं असतं. माणसं बोलायची बंद होतात, आणि जे बोलतात त्यांना ऐकणारा एकच गट उरतो, आधीपासूनच सगळं ठरवून बसलेला.

आता लपवाछपवीकडे येतो. सरकारं लपवतात, यात वाद नाही. रॉसवेलचंच घ्या. १९४७ च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतल्या एका गुराख्याला रानात फॉइल, रबर, काठ्या असा पसारा सापडला. ८ जुलैला तिथल्या हवाई तळाने 'उडती तबकडी हाती लागली' असं पत्रक काढलं आणि लगेच फिरवलं: हवामानाचा फुगा होता म्हणे. प्रकरण विझलं. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, तेव्हाच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या मुलाखतीतून ते पुन्हा पेटलं आणि त्यानंतर त्याला मृत परग्रहवासीयांची शरीरं वगैरे जोडली गेली. १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं की तो प्रोजेक्ट मोगलचा फुगा होता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत ऐकण्यासाठी फुग्यांच्या लांबलचक माळा सोडल्या जात, आणि ते काम तेव्हा अत्यंत गुप्त होतं. म्हणजे १९४७ ला खोटं बोलले हे खरंच. मात्र लपवलं ते स्वतःचं हेरगिरीचं तंत्र. अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानांचंही तेच. १९५५ पासून ती साठ हजार फुटांवर आणि त्याहून वर उडायची. तेव्हाची प्रवासी विमानं त्याच्या निम्म्या उंचीलाही जात नव्हती. सूर्य मावळल्यावर खाली अंधार पडायचा आणि वर त्यांच्या पंखांवर ऊन असायचं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक तबकड्या म्हणजे ही टेहळणी विमानं होती, असं अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या स्वतःच्या इतिहासात लिहिलंय. तो आकडा फुगवलेला आहे असं काही अभ्यासक म्हणतात, आणि मलाही तो जास्तच वाटतो, पण मूळ गोष्ट खरी आहे.

आपल्याकडे फुग्यांची रीत याच्या अगदी उलट आहे, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे पातळ प्लास्टिकचे फुगे उपकरणं घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातात. उन्हात चकाकणारा असा फुगा तासन् तास एका जागी टांगल्यासारखा दिसतो. मग उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, आणि वाऱ्यानुसार तेलंगणा, कर्नाटक किंवा आपल्याकडच्या सोलापूर, लातूर, नांदेडपासून चंद्रपूरपर्यंतच्या जिल्ह्यांत पडतात. मोहिमेच्या आधी जिल्हा प्रशासनाला आणि वर्तमानपत्रांना कळवलं जातं. शेतात अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. जवळच्या पोलिसांना कळवा.

अमेरिकेच्या संसदेत नेमकं काय झालं? २६ जुलै २०२३ ला डेव्हिड ग्रश नावाच्या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की सरकारकडे कोसळलेली परकी यानं आणि मानवेतर जैविक अवशेष आहेत. त्याने ते स्वतः पाहिलेले नव्हते. इतरांनी सांगितल्याचं तो सांगत होता. संसदेने काहीही मान्य केलेलं नाही. साक्ष ऐकली, इतकंच. या विषयासाठीच २०२२ मध्ये संरक्षण खात्यात वेगळं कार्यालय उघडलं होतं. त्याने जुने कागद आणि अशा साक्षी तपासून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला: परकी तंत्रज्ञान हाती असल्याचा पडताळता येईल असा पुरावा सापडला नाही. 'ते तर असंच म्हणणार' हे उत्तर मला माहीत आहे. त्यावर मी एकच विचारतो. आभाळ एका देशाच्या मालकीचं आहे का? पाडव्याचं रॉकेट कुणी लपवू शकलं नाही, कारण ते बघायला अख्खा महाराष्ट्र अंगणात होता.

सगळ्याचा उलगडा होतो असं मी म्हणणार नाही. अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ दरम्यानच्या १२,६१८ नोंदी तपासल्या आणि ७०१ अनुत्तरित ठेवल्या. २०२१ च्या गुप्तचर अहवालात १४४ घटना होत्या, त्यातली एकच पक्की ओळखता आली, हवा जाणारा मोठा फुगा. बॅटेल या संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात केलेल्या विश्लेषणात चांगल्या दर्जाच्या नोंदींमध्ये अनुत्तरितांचं प्रमाण जास्त निघालं. श्रद्धाळू मंडळी हा मुद्दा काढतात आणि तो टाळण्यासारखा नाही. फक्त तिथे दर्जा ठरवला होता साक्षीदाराची विश्वासार्हता आणि सांगण्यातली सुसंगती पाहून. विश्वासू माणसालाही अंतर मोजता येत नाही, हे तुम्हाला आतापर्यंत पटलं असेल.

मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करणारी घटना नोव्हेंबर २००४ ची, सॅन दिएगोपासून दूर समुद्रावरची. निमित्झ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या डेव्हिड फ्रेव्हर आणि सहकाऱ्यांनी भर दिवसा, स्वच्छ हवेत, पंख नसलेली लांबट पांढरी वस्तू पाहिली. ती त्यांच्या हालचालींना प्रतिसाद देत होती आणि मग क्षणात दिसेनाशी झाली, असं ते सांगतात. दोन विमानं, चार माणसं, शिवाय सोबतच्या नौकेवरची रडारची नोंद. माझ्याकडे याचं उत्तर नाही. रडारची ती मूळ नोंद लोकांसमोर आली असती तर अंतर आणि वेग दोन्ही तपासता आले असते. ती आलेली नाही, आणि तिच्याशिवाय कुणी 'परग्रहवासीच' म्हणालं किंवा 'काहीच नव्हतं' म्हणालं, तरी दोघंही माहितीच्या पुढे धावताहेत.

परग्रहवासीयांनी पळवून नेल्याच्या कहाण्यांबद्दल जपून बोलायला हवं, कारण तिथे माणसं खरोखर सोसत असतात. या कहाण्यांचा साचा बेटी आणि बार्नी हिल या जोडप्यापासून पडला. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातून रात्री गाडीने येताना त्यांना एक दिवा पाठलाग करतोय असं वाटलं आणि घरी पोचायला अपेक्षेपेक्षा दोनेक तास जास्त लागले. नंतर बेटीला तपासणीची भयानक स्वप्नं पडू लागली. १९६४ मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांवर संमोहनाचे उपचार केले आणि त्यात यानात नेल्याची सविस्तर हकीकत आली. खुद्द सायमन यांचं मत होतं की ही बेटीची स्वप्नं आहेत आणि ती ऐकून ऐकून बार्नीच्या मनातही उतरली आहेत. संमोहनाने स्मृती उघडत नाही, नवी घडूही शकते, आणि घडलेली स्मृती खऱ्याइतकीच पक्की वाटते. पुढच्या काळातल्या पुष्कळ कहाण्या अंथरुणात सुरू होतात: जाग आली, हातपाय हलेनात, खोलीत कुणीतरी उभं होतं, छातीवर दाब होता. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. मेंदू जागा झालेला असतो, शरीर अजून झोपेच्या कुलपात असतं. आपल्या खेड्यांत हाच अनुभव आलेला माणूस मुंजा किंवा हडळ छातीवर बसली असं सांगतो, अमेरिकेत मोठ्या डोळ्यांचे करडे बुटके सांगतो. वारंवार असं होत असेल तर झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवावं, त्यावर उपाय आहेत.

कैलास लेण्याबद्दल मात्र मी शांत राहू शकत नाही. वेरूळचं सोळावं लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात मुख्यतः कोरलं गेलं. वरून खाली उतरत गेले, म्हणून परांचीच उभारावी लागली नाही. भिंतींवर छिन्नीच्या खुणा आजही हाताला लागतात. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे आधी छत, मग खांब, मग जमीन असा कामाचा क्रम उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. बडोद्याला मिळालेल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या या मंदिराचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की ते बघून खुद्द घडवणारा शिल्पीच थक्क झाला, हे मी कसं काय केलं म्हणून. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने स्वतःच्या हातांच्या कामावर व्यक्त केलेलं हे आश्चर्य आहे. त्या पाथरवटांच्या पिढ्यांचं श्रेय काढून कुठल्याशा यानाला देणं मला अपमानास्पद वाटतं. प्राचीन काळी विमानं होती म्हणून विमानशास्त्राच्या पोथीचा दाखला देणाऱ्यांसाठी: बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं की 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली यानं उडू शकत नाहीत.

मग परग्रहावर जीव नाहीच का? माझ्या मते असण्याची शक्यता चांगली आहे. इतर ताऱ्यांभोवतीचे सहा हजारांच्या आसपास ग्रह आता निश्चित झालेत. पण जवळचा तारा, प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटरने पळतंय. त्या वेगाने तिथवरचं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. इथेही पुन्हा अंतरच आडवं येतं. आपल्या जयंत नारळीकरांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहा. जीवसृष्टीची बीजं बाहेरून येत असतील तर ती वरच्या हवेत सापडली पाहिजेत, या विचाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादच्या त्याच केंद्रातून फुगे ४१ किलोमीटरपर्यंत पाठवून निर्जंतुक नळ्यांत हवा आणली गेली. दुसऱ्या मोहिमेतले नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या, अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. इस्रोने २००९ मध्ये हे जाहीर केलं आणि त्याच निवेदनात हेही म्हटलं की यावरून त्या पृथ्वीबाहेरून आल्याचं सिद्ध होत नाही. मुलाला या विषयाची ओढ असेल तर त्याला हे वाचायला द्या, आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदला नेऊन पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या रेडिओ दुर्बिणी दाखवा.

पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी घड्याळ पाहा आणि मिनिटासकट वेळ लिहा. कुठून कुठे गेलं ते झाड, टॉवर, देऊळ यांच्या खुणेने लक्षात ठेवा. हात लांब करून क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते मोजा. एकच दिवा स्थिर किंवा संथ वाटत असेल तर त्याच्या शेजारचा तारा धरा आणि पंधरा मिनिटांनी दोघांमधलं अंतर बदललं का ते बघा. नसेल बदललं तर तो ग्रह किंवा ताराच. अंधारात एका ठिपक्याकडे टक लावली की तो डुलल्यासारखा भासतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. मोबाईलने झूम करू नका, फोकस सुटून ठिपक्याची तबकडी होते. चित्रीकरणात घराचा कोपरा किंवा झाड येऊ द्या आणि हात भिंतीला टेकवा. दुसऱ्या गावातल्या कुणाला तेच दिसलं असेल तर त्यांच्याही मुठी आणि दिशा विचारून घ्या, दोन ठिकाणांचे कोन मिळाले की अंतर काढता येतं. आणि आकाशातून काही पडलं तर लांबूनच फोटो काढा, कारण रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो.

तुम्ही पाहिलेल्या रांगेची नक्की तारीख आणि जवळच्या मोठ्या गावाचं नाव कळवा. उपग्रहांच्या कक्षांच्या नोंदी उपलब्ध असतात, त्यावरून त्या संध्याकाळी तुमच्या शेतावरून कुठली तुकडी गेली ते तपासून सांगतो. वेळ आणि दिशा जुळली नाही तर तेही तसंच सांगेन, आणि मग आपण नव्याने शोधू.